दरवर्षी प्रत्येकाच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या अलास्काला शाळांसाठी पैसे का पुरत नाहीत?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प आणि व्लादिमिर पुतिन अँकरेज शहरातल्या लष्करी तळावर भेटले आणि जगभरात अलास्काचं नाव झालं. त्यानंतर लगेच, सप्टेंबरमध्ये, भारतीय लष्कराची तुकडी ‘युद्ध अभ्यास’ या संयुक्त सरावासाठी अलास्कातल्याच फोर्ट वेनराईटला पोहोचली. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये अलास्का दिसला तो एवढाच. बर्फ, अस्वलं, लष्करी तळ आणि पलीकडे रशिया.

पण त्याच ऑगस्टच्या २ तारखेला राज्याची राजधानी जुनोमध्ये एक वेगळीच लढाई झाली होती. गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी शाळांच्या निधीला कात्री लावली होती. ती कात्री रद्द करण्यासाठी विधिमंडळाच्या ६० सदस्यांपैकी ४५ मतं लागणार होती. मतदान झालं ४५ विरुद्ध १४. म्हणजे लागत होती नेमकी तेवढीच, एकही जास्त नाही.

दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, याच राज्याने आपल्या सहा लाखांहून अधिक रहिवाशांच्या खात्यात प्रत्येकी १,००० डॉलर जमा केले. श्रीमंत, गरीब, म्हातारे, तान्ही मुलं, सगळ्यांच्या नावे. राज्याकडे ८० अब्ज डॉलरपेक्षा मोठा फंड आहे. नागरिकांकडून ते उत्पन्न कर घेत नाही, राज्यव्यापी विक्री करही घेत नाही.

एवढा पैसा असलेल्या राज्यात शाळांच्या निधीसाठी एकेका मताची मारामार का होते? याचं उत्तर अलास्काच्या भूगोलात, कारभारात आणि तेलाच्या पैशात आहे.

अलास्का नेमका आहे केवढा?

अलास्काचं क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रासारखी साडेपाच राज्यं त्यात बसतील. भारताच्या निम्म्याहून थोडा मोठा असा हा प्रदेश आहे. आणि लोकसंख्या किती? २०२० च्या जनगणनेनुसार ७,३३,३९१. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात यापेक्षा जास्त माणसं राहतात. त्यातलीही सुमारे ४० टक्के एकट्या अँकरेजमध्ये.

अलास्काची जमीन अमेरिकेच्या इतर राज्यांना लागून नाही. मध्ये कॅनडा आहे. पश्चिमेला बेरिंगची सामुद्रधुनी, आणि ती ओलांडली की रशिया. या सामुद्रधुनीत दोन बेटं आहेत, एक अमेरिकेचं आणि एक रशियाचं. दोघांमध्ये चार किलोमीटरचंही अंतर नाही. उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर डेनाली (६,१९० मीटर) इथेच आहे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केंद्रीय पातळीवर त्याचं नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली केलं, पण स्थानिक लोक त्याला डेनालीच म्हणतात. १९६४ मध्ये इथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता. अमेरिकेत नोंदवलेला हा सर्वांत मोठा भूकंप.

उत्तर टोकावरच्या उत्कियाग्विक गावात हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. राज्याच्या मोठ्या भागात जमिनीखालची माती वर्षानुवर्षं गोठलेली असते. त्यावर घर, रस्ता किंवा पाइपलाइन बांधायची तर खर्च कितीतरी वाढतो. बहुतेक गावांना जोडणारा रस्ताच नाही. दूध, डिझेल, औषधं, वह्या-पुस्तकं विमानाने किंवा उन्हाळ्यात बार्जने येतात. राजधानी जुनोलासुद्धा बाहेरून रस्ता नाही. आमदार अधिवेशनाला जातात ते विमानाने किंवा फेरीबोटीने.

थोडक्यात, इथे सरकार चालवणं मुळातच महाग आहे. माणसं कमी, अंतरं अफाट आणि हवामान जीवघेणं.

इथला कारभार कसा चालतो?

१८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला. किंमत होती ७२ लाख डॉलर, म्हणजे एकरी साधारण दोन सेंट. परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड यांनी हा सौदा केला तेव्हा ‘सुअर्डचा मूर्खपणा’ म्हणून त्यांची टिंगल झाली. पुढे सोनं सापडलं आणि त्याहीनंतर तेल. ३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का अमेरिकेचं ४९ वं राज्य झालं.

विधिमंडळ लहान आहे. प्रतिनिधीगृहात ४० सदस्य आणि सिनेटमध्ये २०. अमेरिकेत इतरत्र रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण अलास्कात चित्र वेगळं आहे. २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत काही रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष यांनी मिळून सत्ताधारी आघाडी केली. निवडणुकीत मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतात. ही पद्धत २०२० मध्ये सार्वमताने आली. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव अगदी थोडक्या मतांनी पडला.

स्थानिक पातळीवरची रचना मात्र खास अलास्काची आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ‘काउंटी’ असतात, आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या. अलास्कात त्यांना ‘बरो’ म्हणतात. पण राज्याचा जवळपास निम्मा भाग कोणत्याच संघटित बरोमध्ये येत नाही. फ्रान्सपेक्षाही मोठा हा भाग आहे आणि तिथे राहतात जेमतेम ७७ हजार लोक. या भागाला बरो पातळीवरचं स्वतःचं सरकार नाही. मालमत्ता कर गोळा करून शाळा चालवणारी जिल्हा परिषदेसारखी संस्थाही नाही. तिथल्या शाळांची जबाबदारी थेट राज्य सरकारवर येते. म्हणून जुनोमध्ये शाळांचा निधी कमी झाला की पहिला फटका या दुर्गम गावांना बसतो. तिथे राहणारे बहुतेक लोक मूलनिवासी समाजांचे आहेत.

जमिनीची मालकीही समजून घ्यावी लागते. राज्याची सुमारे ६० टक्के जमीन आजही केंद्र सरकारची आहे. राज्याचा दर्जा मिळताना अलास्काला साधारण १० कोटी एकर जमीन स्वतःसाठी निवडण्याचा हक्क मिळाला. मूलनिवासींच्या हक्कांचा प्रश्न १९७१ च्या कायद्याने सोडवला गेला. त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. पण जमीन जमातींच्या नावावर न जाता खास स्थापन केलेल्या प्रादेशिक आणि गावपातळीवरच्या कंपन्यांच्या नावावर गेली आणि मूलनिवासी त्या कंपन्यांचे भागधारक झाले. यातल्या काही कंपन्या आज अलास्कातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांमध्ये मोडतात.

तेलाचा पैसा राज्याचा कसा झाला?

राज्याने निवडलेल्या जमिनीत उत्तर किनाऱ्यावरचा प्रुडो बे हा ओसाड पट्टा होता. १९६८ मध्ये तिथे उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. जमीन राज्याची, त्यामुळे जमिनीखालचं तेलही राज्याचं. अमेरिकेत अनेक ठिकाणी खनिजांची मालकी खासगी जमीनमालकाकडे असते. अलास्कात ती राज्याकडे राहिली. नैसर्गिक संपत्तीचा वापर जनतेच्या जास्तीत जास्त हितासाठी करावा, असं राज्यघटनेतच लिहिलेलं आहे.

सप्टेंबर १९६९ मध्ये राज्याने तेलक्षेत्रांच्या भाडेपट्ट्यांचा लिलाव केला. एका दिवसात ९० कोटी डॉलर आले. त्या काळच्या राज्याच्या वार्षिक बजेटच्या कित्येक पट ही रक्कम होती. काही वर्षांतच ती शाळा, रस्ते आणि योजनांमध्ये खर्च झाली. ‘एवढा पैसा आला आणि गेला, हाती काय राहिलं?’ असं लोक विचारू लागले.

दरम्यान प्रुडो बेपासून दक्षिणेच्या वाल्डिझ बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किलोमीटरची पाइपलाइन बांधली गेली. गरम तेलाने गोठलेली माती वितळू नये म्हणून तिचा निम्म्याहून जास्त भाग खांबांवर उचललेला आहे. १९७७ मध्ये तिच्यातून तेल वाहू लागलं.

हे तेल एक दिवस संपणार, हे तत्कालीन गव्हर्नर जे हॅमंड यांना दिसत होतं. १९७६ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. खनिजांच्या रॉयल्टीसारख्या उत्पन्नापैकी किमान २५ टक्के रक्कम एका कायमस्वरूपी फंडात जाईल, असं ठरलं. हाच अलास्का पर्मनंट फंड. त्याचा मुख्य नियम साधा आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त गुंतवणुकीवरची कमाई वापरायची. मुद्दल खर्च करायची तर पुन्हा जनतेचं मत घ्यावं लागेल.

मग चेक कुठून आला?

हॅमंड यांना एक भीती होती. फंड मोठा झाला की राजकारण्यांची नजर त्यावर जाणार. त्याचं रक्षण कोण करेल? त्यांचं उत्तर होतं, लोक. पण लोकांना त्यात स्वतःचा वाटा मिळाला तरच ते पहारा देतील. म्हणून फंडाच्या कमाईतून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला लाभांश द्यायचं ठरलं.

आधीच्या योजनेत जो जितकी जास्त वर्षं अलास्कात राहिला त्याला तितके जास्त पैसे मिळणार होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये हा भेदभाव रद्द केला. मग सगळ्यांना समान रक्कम ठरली. त्याच वर्षी प्रत्येकाला १,००० डॉलरचा पहिला चेक मिळाला.

नियम आजही साधारण तसेच आहेत. मागचं पूर्ण वर्ष अलास्कात राहिलेलं असावं, पुढेही राहण्याचा इरादा असावा, जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज करावा आणि ऑक्टोबरच्या सुमारास पैसे घ्यावेत. लहान मुलांच्या नावेही पैसे मिळत असल्याने चौघांच्या कुटुंबाला चार लाभांश मिळतात. ऑक्टोबर आला की दुकानं आणि विमान कंपन्या खास सेल लावतात.

या पैशाने लोक आळशी होतात का? डेमन जोन्स आणि इओआना मरिनेस्कु या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. लाभांशामुळे एकूण रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं. दुर्गम गावांत, जिथे नोकऱ्या कमी आणि डिझेल महाग, तिथे हाच पैसा गरिबीची धार कमी करतो. हिवाळ्याचं इंधन, बोटीचं इंजिन, मुलांचे कपडे यातूनच येतात.

गणित कुठे बिघडलं?

तेलाचा पैसा भरपूर असताना १९८० मध्ये राज्याने उत्पन्न कर रद्द केला. तेल कंपन्यांकडून रॉयल्टी आणि कर येतच होते. सरकार चालत होतं, वर लोकांना चेकही जात होता.

१९८८ मध्ये उत्पादन शिखरावर होतं, दिवसाला सुमारे २० लाख बॅरल. नंतर ते घसरत गेलं आणि आता दिवसाला पाच लाख बॅरलच्याही आत आहे. भाव चढे असेपर्यंत ही घसरण झाकली गेली. २००८ मध्ये तेल महागलं तेव्हा गव्हर्नर सारा पेलिन यांच्या सरकारने २,०६९ डॉलरच्या लाभांशावर आणखी १,२०० डॉलर वाटले.

२०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले. शंभर डॉलरच्या वर असलेलं बॅरल २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली गेलं. राज्याच्या बजेटला प्रचंड खड्डा पडला. त्या वर्षी अपक्ष गव्हर्नर बिल वॉकर यांनी लाभांशाची निम्मी रक्कम नकाराधिकार वापरून रोखली. लोकांच्या हाती आले १,०२२ डॉलर. बिल विलेकोव्स्की हे डेमोक्रॅट सिनेटर न्यायालयात गेले. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लाभांश हा आपोआप मिळणारा हक्क नाही. इतर खर्चांप्रमाणे त्यालाही विधिमंडळाची मंजुरी लागेल.

आज जे भांडण चाललंय त्याचं मूळ या निकालात आहे. तोवर चेकची रक्कम कायद्यातल्या सूत्राने ठरायची. त्यानंतर ती दरवर्षी राजकारणात ठरू लागली. सूत्र कायद्याच्या पुस्तकात अजून आहे, पण ते पाळलं जात नाही.

२०१८ मध्ये दुसरा मोठा बदल झाला. फंडाच्या सरासरी बाजारमूल्याच्या ठराविक टक्के रक्कम दरवर्षी सरकारी तिजोरीत घ्यायची, असा कायदा झाला. हे प्रमाण आधी सव्वापाच टक्के होतं, आता पाच टक्के आहे. त्यातून वर्षाला साडेतीन ते चार अब्ज डॉलर मिळतात. विधिमंडळाला मोकळेपणाने खर्च करता येणाऱ्या पैशातला निम्म्याहून मोठा वाटा आता इथून येतो. तेलावर चालणारं राज्य आता शेअर बाजारावर आणि बाँडवर चालतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता या एकाच पातेल्यातून लाभांश, शाळा, रस्ते, पोलीस आणि आरोग्य या सगळ्यांना वाढायचं आहे. लाभांश वाढवला की बाकीच्यांच्या ताटातलं कमी होतं. चेकची रक्कम कशी वरखाली होते, ते गेल्या काही वर्षांचे आकडे सांगतात:

- २०२० : ९९२ डॉलर
- २०२१ : १,११४ डॉलर
- २०२२ : ३,२८४ डॉलर
- २०२३ : १,३१२ डॉलर
- २०२४ : १,७०२ डॉलर
- २०२५ : १,००० डॉलर

२०२५ ची रक्कम १९८२ एवढीच आहे. पण मधल्या ४३ वर्षांत अमेरिकेत महागाई तिपटीहून जास्त वाढली. खरेदीच्या ताकदीने पाहिलं तर आजचे हजार डॉलर तेव्हाच्या जेमतेम तीनशे डॉलरएवढे भरतात.

शाळांचं काय झालं?

अलास्का सरकार शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मूळ रक्कम देतं. ही रक्कम अनेक वर्षं जवळपास जागच्या जागी होती. महागाई वाढत गेली, विमानाने येणारं डिझेल महागलं, शिक्षक दुसऱ्या राज्यांत जाऊ लागले. वर्ग मोठे झाले, काही शाळा बंद झाल्या. दुर्गम गावांत गळकी छपरं आणि बंद पडलेली हीटिंग यंत्रणा दुरुस्तीची वाट पाहत राहिली. जिथे तापमान शून्याखाली तीस-चाळीस अंश जातं, तिथे हीटर बंद म्हणजे शाळाच बंद.

२०२५ मध्ये विधिमंडळाने आधी प्रति विद्यार्थी १,००० डॉलर वाढीचं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर डनलेव्ही यांनी ते अडवलं. मग मे महिन्यात ७०० डॉलर वाढीचा कायदा झाला, म्हणजे ५,९६० वरून ६,६६० डॉलर. गव्हर्नरनी तोही अडवला. या वेळी विधिमंडळाने ४६ विरुद्ध १४ मतांनी त्यांना मात दिली. पण कायदा झाला तरी पैसे बजेटमधून यायचे असतात. गव्हर्नरनी बजेटमधून प्रति विद्यार्थी २०० डॉलर कापले. बजेटवरचा नकाराधिकार उलटवायला तीन चतुर्थांश मतं लागतात. तेच ते २ ऑगस्टचं ४५-१४ चं मतदान.

डनलेव्ही यांचं म्हणणं होतं की तेलाचं उत्पन्न घटतंय, एवढा खर्च झेपणार नाही आणि नुसते पैसे वाढवून शिक्षण सुधारत नाही, धोरणही बदलायला हवं. २०१८ मध्ये ते निवडून आले तेच मुळी पूर्ण लाभांश देण्याच्या आश्वासनावर. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्याच्या विद्यापीठाच्या निधीत १३ कोटी डॉलरची कपात जाहीर केली. राज्यभर संताप उसळला. शेवटी ती तीन वर्षांत मिळून सात कोटींवर आली.

लाभांशाच्या बाजूने बोलणारे सगळेच उजवे नाहीत आणि विरोधक सगळे डावे नाहीत. लाभांशवाल्यांचा मुद्दा सरळ आहे. तेल जनतेचं आहे, मग सरकारने जनतेच्या वाट्याला हात का लावावा? शिवाय लाभांश कापणं हा एक प्रकारचा करच आहे आणि तो सर्वांत वाईट कर आहे. कारण हजार डॉलर गेले तर श्रीमंताला कळतही नाही, पण पाच मुलांच्या गरीब कुटुंबाचे सात हजार जातात. शाळावाल्यांचा मुद्दाही तेवढाच सरळ आहे. चेक घेऊन कुणाला स्वतःच्या गावात शाळा बांधता येत नाही, ना धावपट्टी, ना समुद्राला अडवणारा बांध.

हा शेवटचा मुद्दा ऑक्टोबर २०२५ मध्ये फार कठोरपणे समोर आला. हालोंग वादळाच्या उरलेल्या तडाख्याने पश्चिम किनाऱ्यावरची किपनुक आणि क्विगिलिंगोक ही गावं उद्ध्वस्त झाली. घरं पायासकट वाहून गेली. हजारहून अधिक लोकांना हवाईमार्गाने हलवावं लागलं. गोठलेली जमीन वितळतेय, किनारा खचतोय आणि अशा गावांना नवी जागा देण्याचा खर्च पुढे वाढतच जाणार आहे.

मग कर का लावत नाहीत?

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो. अलास्कातल्या राजकारण्यांना मात्र तो विचारायला आवडत नाही.

१९९९ मध्ये फंडाच्या कमाईतला काही भाग सरकारी खर्चासाठी वापरावा का, असं मतदारांना विचारलं होतं. ८३ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाने उत्पन्न कराचं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटने ते फेटाळलं. चार दशकं कर न भरता चेक घेण्याची सवय झालेल्या मतदाराकडे कर मागायला जाणं म्हणजे निवडणूक हरण्याची तयारी.

पण खरी अडचण यापेक्षा खोल आहे. इतर राज्यांत नवा कारखाना आला, माणसं आली की कर वाढतो आणि त्यातून त्यांच्या मुलांच्या शाळा चालतात. अलास्कात ही साखळीच तुटलेली आहे. ब्रिस्टल बेमध्ये सॅमनची प्रचंड मासेमारी होते. अँकरेजचं विमानतळ आशिया आणि अमेरिकेमधल्या मालवाहतुकीचा जगातला एक प्रमुख थांबा आहे. उन्हाळ्यात क्रूझ जहाजांतून पर्यटकांचे लोंढे येतात. तेलक्षेत्रात आणि मासळीच्या कारखान्यांत काम करणारे अनेक जण तर दुसऱ्या राज्यांतले असतात, पगार घेऊन घरी जातात. या सगळ्यातून राज्याच्या तिजोरीत फार थोडं पडतं.

उलट नवं कुटुंब राहायला आलं तर सरकारचा खर्च वाढतो. मुलांना शाळा हवी, रस्ता हवा आणि वर्षभराने लाभांशही हवा. कर मात्र राज्याकडे येत नाही. तिथले अर्थतज्ज्ञ याला ‘अलास्का डिस्कनेक्ट’ म्हणतात. अर्थव्यवस्था वाढली तरी सरकार गरीबच राहतं. त्यामुळे नवे उद्योग आणण्यात सरकारला आर्थिक फायदाच उरत नाही.

याचा राजकारणावरही परिणाम होतो. कर भरणारा माणूस सरकारला विचारतो, माझ्या पैशाचं काय केलं? अलास्कातला मतदार विचारतो, या वर्षी माझा चेक किती? हॅमंड यांनी लोकांना फंडाचे पहारेकरी केलं आणि ते काम लोकांनी चोख बजावलं. पण शाळेचा, रस्त्याचा, गावाच्या धावपट्टीचा पहारा कुणी करायचा, हे त्या रचनेत कुठेच नव्हतं.

नवं तेल आणि गॅस वाचवतील का?

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये कोनोकोफिलिप्स कंपनीच्या विलो तेल प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यातून पुढे दिवसाला १,८०,००० बॅरलपर्यंत तेल निघेल, असा अंदाज आहे. पण विलो केंद्राच्या जमिनीवर आहे, राज्याच्या नव्हे. प्रुडो बेमधून मिळते तशी रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत थेट येणार नाही. तेल वाढलं तर पैसाही तेवढाच वाढेल, हे समीकरण इथे लागू होत नाही.

दुसरी आशा गॅसची. उत्तरेतला गॅस दक्षिणेकडे आणून आशियाला विकायचा, त्यासाठी सुमारे १,३०० किलोमीटरची नवी पाइपलाइन टाकायची, ही कल्पना कित्येक दशकं जुनी आहे. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, अलास्कासाठी खास आदेश काढून तिला बळ दिलं. खर्चाचा जुना अंदाज ४४ अब्ज डॉलरचा. गंमत म्हणजे अँकरेज परिसराला गॅस पुरवणाऱ्या कुक इनलेटमधला साठा आटत चालला आहे आणि तिथल्या कंपन्या बाहेरून गॅस आयात करण्याच्या तयारीत आहेत. ज्या राज्याच्या उत्तरेला अफाट गॅस पडून आहे, ते दक्षिणेत आयातीचा विचार करतंय, कारण मध्ये पाइपलाइन नाही.

नॉर्वेने काय वेगळं केलं?

तेलाचा फंड म्हटलं की नॉर्वेची तुलना होतेच. नॉर्वेनेही तेलाच्या पैशाचा फंड केला आणि आज तो जगातला सर्वांत मोठा सरकारी फंड मानला जातो. पण नॉर्वेने नागरिकांना चेक दिले नाहीत आणि कर घेणंही थांबवलं नाही. फंडातून दरवर्षी मर्यादित रक्कम काढायची आणि ती बजेटमध्ये घालायची, हा तिथला नियम. सरकार करावर उभं राहिलं, फंड टेकू म्हणून राहिला. अलास्काने एकाच वेळी कर रद्द केला आणि चेकही सुरू केला. तेल भरपूर होतं तोवर दोन्ही परवडलं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

अलास्काच्या या प्रयोगासारखी कल्पना गोव्यापर्यंत पोहोचलेली आहे. लोहखनिजाच्या खाणींबाबत गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये निकाल दिला. खनिजाच्या विक्रीतली १० टक्के रक्कम गोव्याच्या लोहखनिज कायमस्वरूपी निधीत ठेवावी, असा आदेश त्यात होता. खनिज एकदाच निघतं, मग पुढच्या पिढीसाठी त्यातलं काही राखून ठेवायला हवं, हा विचार अलास्काच्या फंडामागेही आहे.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना महिना १,५०० रुपये मिळतात. दोन्हींत पैसा थेट खात्यात येतो, पण फरक मोठा आहे. अलास्काचा चेक साठवलेल्या फंडाच्या कमाईतून येतो, उत्पन्नाची अट न घालता सगळ्यांना मिळतो. लाडकी बहीणचा पैसा दरवर्षीच्या बजेटमधून, म्हणजे करातून आणि कर्जातून येतो. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. एकदा सुरू झालेली रक्कम कमी करणं कोणत्याही सरकारला जड जातं.

पुढे काय?

नोव्हेंबर २०२६ मध्ये अलास्का नवा गव्हर्नर निवडणार आहे. सलग दोन कारकिर्दी झाल्याने डनलेव्ही यांना उभं राहता येत नाही. चेक किती, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारला जाईल. त्याच्या बरोबरीने फंडाचाही एक तांत्रिक पेच आहे. खर्चासाठी पैसे काढता येतात ते कमाईच्या वेगळ्या खात्यातून, आणि ते खातं आटत चाललंय. मुद्दल कितीही मोठी असली तरी घटना तिला हात लावू देत नाही. म्हणून दोन्ही खाती एकत्र करून पैसे काढण्याची मर्यादा घटनेतच लिहावी, असा फंडाच्या विश्वस्तांचा आग्रह आहे. त्यासाठी पुन्हा मतदारांकडे जावं लागेल.

पर्याय मोजकेच आहेत. लाभांश आणखी कमी करणं, काही ना काही कर लावणं, सेवा कापणं किंवा फंडातून मर्यादेपेक्षा जास्त काढणं. शेवटचा पर्याय सर्वांत सोपा दिसतो, कारण त्याची किंमत मोजणारे मतदार अजून शाळेत आहेत.